शेपटाकडून पाणी

माझ्या पुण्याच्या सरांचं एक लाडकं वाक्य होतं. कोअरला हात लावायचा नाही. मीटिंग कसलीही असो, दिवाळीच्या शुभेच्छांची का असेना, हे वाक्य एकदा यायचंच. मी सेलूजवळच्या आमच्या गावातून, कॅमेरा बंद ठेवून ते ऐकायची आणि मनात म्हणायची, नाई लावत बाप्पा, तुमच्या कोअरले कोण हात लावून राह्यलं.

काम काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं भांडण कळणार नाही. आमची कंपनी पाणी वापर संस्थांसाठी एक प्लॅटफॉर्म चालवते. एका कालव्यावरच्या शेतकऱ्यांची मिळून एक संस्था असते, आणि धरणाचं पाणी आपसात कसं वाटायचं ते ती ठरवते. ब्राउझर उघडला की संस्थेचा सगळा कारभार समोर येतो. सभासद, वावरं, गेटं, पिकं, पाण्याच्या पाळ्या. ही मूळ वस्तू म्हणजे कोअर, आणि ती सगळ्या संस्थांना सारखीच. पण दर गावाची तऱ्हा वेगळी, म्हणून कोअरमध्ये ठिकठिकाणी मोकळ्या जागा ठेवलेल्या आहेत. त्या जागांत बाहेरून बनवलेला तुकडा बसवायचा, भिंतीवरच्या बोर्डात प्लग खुपसावा तसा. काढला तरी बोर्डाला काही होत नाही. हे तुकडे, म्हणजे प्लगइन, बनवणं माझ्याकडे. कुणाला पहिल्या पानावर हवामान हवं, कुणाला धरणाची पातळी, कुणाला सभासदाच्या नावासमोर फोटो. तुकडा सुरू झाला की तो आधी प्लॅटफॉर्मला सांगतो की मी अमुक, मला मेनूत इथे बसवा आणि एवढीच माहिती वाचू द्या. त्याच्या पलीकडे त्याचा अधिकार नाही.

हे मी गावात बसून करते म्हटलं की लोकांचे चेहरे बघण्यासारखे होतात. काहींना वाटतं नोकरी गेली, काहींना वाटतं मी मातीसाठी परत आले. दोन्ही खोटं. मला पुण्याची खोली आवडत नव्हती, खोलीतली मुलगी त्याहून आवडत नव्हती, आणि डब्यातली भाजी तर बोलूच नका. कंपनीनं घरून काम चालेल म्हटलं, मी बॅग भरली. गावाचं काही कल्याण करायचं माझ्या डोक्यात नव्हतं. ते भांडण आपल्या पायानं चालत घरी आलं.

आमच्याच कालव्याच्या संस्थेनं आमच्याच कंपनीचा प्लॅटफॉर्म घेतला. माझे बाबा संस्थेचे अध्यक्ष. माझ्या पोरीच्या कंपनीचं हाये, असं त्यांनी केळझरच्या बाजारापासून जामच्या चौकापर्यंत भेटेल त्याला सांगितलं. संस्थेच्या खोलीत मोठा टीव्ही लागला. सचिवांनी माहिती भरली, बाबांच्या नावाचा पासवर्ड झाला. तो त्यांनी पाठ केला आणि मलाही सांगितला नाही. मला ते आवडलंच.

आता कालव्याचं. आमचा कालवा लहान आहे. सुरुवातीला, ज्याला सगळे हेड म्हणतात, तिथे आमचं गाव आणि आमचं वावर. अगदी शेवटी, शेपटाला, माझ्या आत्याचं सासर. मधे दोन गावं. आणि रब्बीचा आमच्याकडचा रिवाज असा की पहिलं पाणी शेपटाला. हेडवाले शेवटी. कारण साधं आहे. हेडवाला आधी घ्यायला बसला की त्याचं पोटच भरत नाही, आणि खाली पाणी पोचतच नाही. शेपटाला आधी दिलं की वरच्याला आपली पाळी लवकर यावी असं वाटतं, आणि मग कालवा कुठे फुटला, कुणी मधेच बांध फोडला, यावर वरचाच नजर ठेवतो. हे कुण्या साहेबानं शिकवलेलं नाही. आजोबांच्या पिढीनं एकमेकांची डोकी फोडून झाल्यावर ठरवलेलं आहे.

त्यातही एक पद्धत होती. गेट उघडलं की हेडच्या एका घरचा माणूस पाण्यासोबत चालत शेपटापर्यंत जायचा. पाणी पोचवून देणं म्हणायचे त्याला. कोरड्या कालव्यातून पाण्याचं तोंड हळूहळू सरकतं, पुढे काड्या, पाला आणि फेस, आणि काठानं आमचे बाबा धोतर खोचून चाललेले. मी लहानपणी थोडं अंतर त्यांच्यासोबत गेले आहे. पलीकडे आत्या धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभी असायची. पाणी कालव्यातून तिच्या वावराच्या चारीत वळलं की ती भावाच्या पायावर पाणी घालायची आणि घरी नेऊन पाटवडीचा रस्सा वाढायची. अलीकडे चालणं बंद झालं. मोटरसायकलनं एक चक्कर मारतात. पण क्रम तोच राहिला होता, प्लॅटफॉर्म येईपर्यंत.

प्लॅटफॉर्मच्या कोअरमध्ये पाळ्यांचं एक पान आहे. तिथे गेटापासूनच्या अंतराप्रमाणे वावरं लागतात, जवळचं आधी. ज्यानं ते बनवलं त्यानं वाईट बुद्धीनं बनवलं नाही. पाणी वरून येतं, तर यादीही वरून, एवढाच विचार. त्याच पानावरून सभासदांच्या फोनवर संदेश जातात, तुमची पाळी अमुक दिवसापासून. सचिवांनी टीव्हीवर पान उघडलं, आणि पहिल्या ओळीत आमचं वावर आलं. शेवटच्या ओळीत आत्याचं.

पहिल्या दिवशी लोक हसले. दुसऱ्या दिवशी हेडवाल्यांचं हसणं थांबलं आणि विचार सुरू झाला. आठवडा व्हायच्या आत चौकात ऐकू यायला लागलं की आता सगळं ऑनलाइन झालं, सिस्टमच तशी हाये, सिस्टमच्या बाहेर कसं जाणार. जे तोंडानं मागायला त्यांना लाज वाटली असती ते टीव्हीनं न मागता दिलं. आणि माझे बाबा, ज्यांना गावात कुणी उलट बोलत नाही, ते गप्प बसले.

आत्याचा फोन मला आला. ती रडणारी बाई नाही, भांडणारी आहे. तिनं विचारलं, काऊन वं बाई, तुह्या मशीनमंधी आमी सगळ्यात खाली काऊन? मी म्हटलं, माझी मशीन नाही आत्या, पण बघते. ती म्हणाली, बघ बाई. हरभरा एखाद्या पाण्यावर निघते, गहू नाई निघत. पयलं पाणी आमचं असते म्हणून म्या यंदा सगळ्या वावरात गहू पेरला. मुळं फुटायच्या टायमाले पाणी नाई भेटलं तर तो उभ्या उभ्या जाईन.

तिचा गहू तोवर उगवून बोटभर झाला होता. गेट उघडायला थोडेच दिवस होते. हेडपासून सुरुवात झाली असती तर तिच्यापर्यंत पाणी यायला महिना गेला असता, आणि आलं असतं की नाही देव जाणे.

मी सरांना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकलं, त्यांचं शांतपणे ऐकणं मला नेहमीच डोक्यात जातं, आणि म्हणाले की क्रम हा कोअरचा विषय आहे, बाकी संस्थांची तक्रार नाही, फार तर कॉलमवर बाण देऊ, तो दाबला की यादी उलटी होईल. मी म्हटलं, सर, नुसती उलटी करून भागत नाही. कालव्याला बाजूच्या चाऱ्या आहेत, त्या चारीतही शेपटापासूनच यावं लागतं. आणि बाण दाबणार कोण? पान उघडल्याबरोबर जे दिसतं तेच खरं मानतात लोक, संदेशही त्याच क्रमानं जातात. सर म्हणाले, हे बघ, तू इमोशनल होते आहेस. बस्स. तळपायाची आग मस्तकात गेली.

मग मी ठरवलं, तुमचं कोअर तुम्हाला लखलाभ. मी माझ्या मोकळ्या जागेत बसते. मी पाळ्यांचं एक नवं पानच बनवलं. कोअरमधून फक्त वाचणार, कशातही बदल करणार नाही. वावरं, चाऱ्या, अंतरं घेणार, आणि शेपटाकडून क्रम लावून मेनूत सगळ्यात वर बसणार. ज्या संस्थेनं ते चालू केलं तिचे संदेश या पानाच्या क्रमानं जाणार. ही सोय प्लॅटफॉर्मनंच प्लगइनला दिलेली होती, मी चोरी काही केली नाही.

काम सोपं नव्हतं. चाऱ्यांचा क्रम सुरुवातीला असा काही लागला की मधलं एक वावर दोनदा पाणी घ्यायला लागलं. ते सुधारलं. आत्यासारख्यांना फोनवर दिसावं म्हणून अक्षर मोठं केलं, तर माझं मोठं अक्षर माझ्या पानातून बाहेर पडून कोअरच्या बटणांनाही लागलं आणि सगळा प्लॅटफॉर्म फुगला. माझ्या तुकड्याचं रूप माझ्या तुकड्यातच राहिलं पाहिजे, ही या धंद्यातली पहिली शिस्त. तीही बसवली. मग आत्याला फोन करून तिच्या फोनवर उघडून बघायला लावलं. ती म्हणाली, हाव, दिसून राह्यलं, आमीच वर हावो. मला इतका आनंद झाला की मी स्वयंपाकघरात जाऊन आईला उगीच मिठी मारली.

कंपनीच्या तपासणीत सरांनी तुकडा नाकारला. कोअरच्या पानाची नक्कल करणारा तुकडा चालणार नाही, संस्था जिथून तुकडे घेतात त्या कंपनीच्या ऑनलाइन दुकानात तो ठेवता येणार नाही, मागे घे. मी म्हटलं, दुकानात नका ठेवू. प्लॅटफॉर्ममध्ये खाजगी तुकड्याची वाट आहे. एकाच संस्थेसाठी, त्या संस्थेच्या अध्यक्षानं स्वतःच्या पासवर्डनं चालू केला तर चालतो, कंपनीची परवानगी लागत नाही. ही वाट सरांनीच केली होती, मोठ्या अभिमानानं तिच्यावर भाषणही दिलं होतं. सर म्हणाले, "तू त्या वाटेनं गेलीस तर या प्रोजेक्टवर राहणार नाहीस."

"चालेल," मी म्हटलं.

मागे घ्यायचं एकदाही मनात आलं नाही. साहेबाला कोअर प्यारं, मला आत्याचा गहू प्यारा.

आता सगळं येऊन थांबलं माझ्या घरातल्याच माणसापाशी. पासवर्ड बाबांचा. मी अंगणात त्यांच्यासमोर चहा ठेवला आणि सांगितलं, बाबा, पान तयार आहे, तुम्ही चालू करा. त्यांनी बशी खाली ठेवली. म्हणाले, बाई, मले हेडवाल्यायनं निवडून देल्लं. आता मशीन सांगते तसं एक साल चालू दे, पुढच्या साली पाहू. मी म्हटलं, पुढच्या साली आत्याचा यंदाचा गहू परत येईल का? ते म्हणाले, माह्या हातात काय हाये, मशीननंच लावलं तसं.

तिथे माझा तोल गेला.

"मशीन काही सांगत नाई, बाबा. एका माणसानं पुण्यात बसून तसं लिहिलं, म्हणून ते तसं दिसते. अन् तुम्ही आता त्याच्या मांगं लपून राह्यले."

बाबा उठले आणि चहा तसाच टाकून वावराकडे गेले. आई आतून बाहेर आली आणि म्हणाली, बापाशी असं बोलते का कोणी? मी म्हटलं, मग कोणाशी बोलू? पुण्याचे म्हणतात कोअर, हे म्हणतात मशीन, माणूस म्हणून सापडायला कोणीच तयार नाही. आईनं माझ्याकडे बघितलं आणि बशी उचलून नेली. पुढचे दिवस बाबा माझ्याशी कामापुरतं बोलत होते. गावात मला घरभेदी म्हणत होते, तेही कानावर आलं. म्हणू देत. घर भेदल्याशिवाय सुधारत नसेल तर भेदायलाच हवं.

पाळ्या पक्क्या करायची सभा रविवारी सकाळी समाजमंदिरात होती. संस्थेची खोली लहान, म्हणून टीव्ही तिकडे नेला. तो चालवायला म्हणून मला बोलावलं होतं. हेडवाले आधीच येऊन पुढच्या सतरंजीवर बसले होते. शेपटाकडची माणसं उशिरा आली, एका ऑटोत दाटून, आणि त्यांच्यासोबत आत्या. सभेला बाया येत नाहीत. ती आली, आणि मागे न बसता सरळ समोर जाऊन बसली. हेडवाल्यांना सरकून जागा द्यावी लागली.

सचिवांनी कोअरचं पान लावलं. समोरून एकजण म्हणाला, बस, नंबरप्रमाणे होऊन जाऊ द्या. दुसऱ्यानं मान डोलावली. बाबा खाली बघत होते. शेपटाकडचा एक म्हातारा म्हणाला की असं कधी झालं नाही, तर त्याला चारी बाजूंनी एकच उत्तर, बाबाजी, आता सिस्टम हाये. मी हे ऐकत उभी होते आणि मला वाटत होतं की टीव्ही उचलून बाहेर फेकावा. त्याऐवजी मी लॅपटॉप उचलला, माझं पान चालू करायचं बटण उघडलं, आणि तो सगळ्यांदेखत बाबांच्या मांडीवर ठेवला. मी मोठ्यानं सांगितलं की पाळ्यांचं दुसरं पान तयार आहे, त्यात पहिलं पाणी शेपटाला आहे, आणि ते ना कंपनीला चालू करता येतं ना मला, फक्त अध्यक्षांना येतं. नको असेल तर अध्यक्षांनी सभेत नको म्हणावं. सिस्टमचं नाव घेऊ नये.

हेडवाले माझ्याकडे असे पाहत होते, जणू मी बैताडच, ठार वेडी झाले. बाबांची मान खालीच. आणि आत्या जागेवरून बोलली, उभीही राहिली नाही.

"दादा, म्या गहू तुह्या भरोशावर पेरला. टीव्हीच्या नाई."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग चष्मा चढवला आणि एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, पासवर्ड टाकायला लागले. पहिल्यांदा चुकला. कुणीतरी खोकलं. दुसऱ्यांदा त्यांनी कीबोर्डवर दुसऱ्या हाताचा आडोसा धरून टाकला, तो लागला, आणि त्यांनी बटण दाबलं. टीव्हीवर पान बदललं. पहिल्या ओळीत आत्याचं वावर आलं, शेवटच्या ओळीत आमचं. मग जो कल्ला झाला त्यात कोण काय बोललं ते सांगण्यात अर्थ नाही. अर्धे हेडवाले उठून गेले. शेपटाकडच्यांनी सह्या केल्या आणि ते आले तसेच ऑटोत दाटून परत गेले. आत्या जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेली.

सरांनी शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी मला त्या कामावरून काढून अहवालांच्या कामावर टाकलं, सगळ्यात कंटाळवाणं काम कंपनीतलं. मी तेही करते आणि नीट करते. नाक घासत गेले नाही, जाणारही नाही. माझं पान मात्र कुणाला बंद करता आलं नाही, कारण नियम त्यांचाच.

आत्याचा गहू त्या साली कमरेला लागला. तिनं फोनवर फोटो पाठवला, त्यात ती दिसतच नाही, नुसता गहू. पण हिवाळा सरता सरता धरणात पाणी कमी आहे म्हणून शेवटचं आवर्तन, म्हणजे पाण्याची शेवटची फेरी, ठरल्याआधीच बंद झालं. त्या फेरीत शेपटाचं झालं होतं, मधल्या गावांचं झालं होतं. राहिलं आमचं, हेडचं. आमच्या वावरातला खालचा गहू दाणा भरायच्या वेळेलाच सुकायला लागला. आजूबाजूच्या हेडवाल्यांचंही तेच. इतकी वर्षं शेवटी राहूनही त्यांना कधी कमी पडलं नव्हतं, आणि ज्या वर्षी पडलं ते नेमकं हे वर्ष.

एका सकाळी पाच-सहाजण आमच्या अंगणात आले. मी खिडकीतून पाहिलं आणि लॅपटॉप बंद करून बाहेर गेले, कारण हा मार माझा होता आणि तो मीच खाणार असं मी ठरवलं होतं. त्यातला मोठा माणूस बाबांना म्हणाला की तुमच्या पोरीच्या काम्पुटरनं आमचा घात केला, त्यात बिघाड होता असं लिहून द्या, म्हणजे येत्या सालापासून पुन्हा पहिलं पान लावता येईन. त्यानं बाबांसाठी दार उघडून ठेवलं होतं. अध्यक्षपद राहिलं असतं, शेजार राहिला असता, आणि दोष टीव्हीवर गेला असता. मी तोंड उघडणार तेवढ्यात बाबांनी हातानं मला थांबवलं.

"बिघाड-गिघाड काही नाई," ते म्हणाले. "तुमचं पाणी म्या खाली पाठवलं. येत्या साली बी पाठवीन. पटत नसंन तर अध्यक्ष दुसरा पाहा."

ते लोक चहा न घेता गेले. बाबांनी मोटरसायकल काढली, आणि मला म्हणाले, चाल, आपला गहू किती वाचते ते पाहून येऊ.